पुढच्या दाराला तीन कुलपं आणि परसदार सताड उघडं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुढच्या महिन्यात नोकरीसाठी म्युनिकला चाललाय, आई-बाबा साताऱ्यात दोघंच राहणार, तर व्हीपीएन (आपली इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) कुठलं घ्यावं, अँटीव्हायरस कुठलं, पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ॲप) फुकटातला चालेल का, आणि जाण्याआधी आई-बाबांच्या फोनमध्ये काय टाकून द्यावं. मी चौदा वर्षं जर्मनीत आहे, त्यातली दहा लॉगिनच्याच कामात गेली, म्हणजे लोक सिस्टिममध्ये आत कसे येतात आणि बाहेर अडकले तर परत आत कसे घ्यायचे हे बघणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही विचारलेलं सगळं पुढच्या दाराच्या कुलपाबद्दल आहे. जुन्या वाड्यात कसं असायचं, पुढचा दरवाजा सागवानी, आतून अडसर, आणि मागे परसात जायचं दार नुसतं कडी ओढून घेतलेलं, कारण तिथून काय घरचीच माणसं जाणार-येणार. अकाउंटचं अगदी तसंच असतं. पासवर्ड म्हणजे पुढचं दार आणि "पासवर्ड विसरलात का?" हे परसदार. दहा वर्षांत मी पासवर्ड फोडून आत आलेले चोर फार थोडे बघितले, परसदारानं आलेले पुष्कळ बघितले, आणि सगळ्यात जास्त कोण बघितले तर स्वतःच्याच घराबाहेर अडकलेले मालक. त्या तिसऱ्या गटात मीही होतो.

डिसेंबर महिना, कोलोनचा ख्रिसमस बाजार, एका हातात गरम वाइन आणि दुसऱ्या हातात बटाट्याची भजी (त्याला इथे राइबेकूखन म्हणतात, पण आहेत भजीच), आणि जॅकेटच्या खिशातला फोन कधी गेला कळलं पण नाही. फोनचं मला काही वाटलं नाही. फोनमधे दोन सिम होती, एक जर्मन, एक भारतातलं. जर्मन सिम तीन दिवसात पोस्टानं घरी आलं. भारतातलं डुप्लिकेट सिम पाहिजे तर "स्वतः दुकानात या". बाबा गेले सांगलीच्या दुकानात, तर म्हणाले सिम मुलाच्या नावावर आहे, मुलगाच पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं, उद्या कोणीही कोणाचा बाप म्हणून जाईल. पण त्या एका नंबरावर माझं बँक खातं, आधार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या मुख्य ईमेलची दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डानंतर मागतात तो आकडा. दुसऱ्या पायरीचं ॲप होतं, ते पण त्याच फोनमधे. पासवर्ड मला तोंडपाठ होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चार महिने. चार महिन्यांनी सुट्टीत घरी गेलो तेव्हा सिम मिळालं, आणि तेही घातल्या घातल्या चालेना, कारण नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात (हे चोरांसाठी केलंय, चांगलंय, पण त्या दिवशी मी शिव्या घातल्या). आई म्हणाली, फोन गेला तर नवा घे ना, त्यात एवढं काय तोंड पाडून बसायचं. तिला कसं सांगू की फोन नाही, किल्ल्यांचा जुडगा गेलाय.

त्यामुळे तुमचं पहिलं काम सिम. जाण्याआधी बघा की नंबर तुमच्या स्वतःच्या नावावर आहे का, कारण आपल्याकडे कॉलेजात असताना बाबांच्या नाहीतर मामाच्या कागदपत्रांवर घेतलेलं सिम तिशीतसुद्धा तसंच चालू असतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, पाच मिनिटांचं काम. इंटरनॅशनल रोमिंग भारतातूनच चालू करून घ्या, बाहेर गेल्यावर ते चालू करायला ओटीपी लागतो आणि तो ओटीपी यायला रोमिंग लागतं. रिचार्ज वर्षाचा करा. नियमाप्रमाणे ९० दिवस काही वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, प्रीपेडमधे २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत वाढते वगैरे आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका, मुदत संपली की ओटीपी यायचे कधीच थांबलेले असतात आणि तुम्हाला कळतं ते नेमकं पैसे पाठवायच्या दिवशी. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज इंदापूरच्या कुठल्यातरी बिचाऱ्याला जातात.

परदेशी नंबर लावला तर? बँकेच्या खात्याला बऱ्याच बँका लावून देतात, एनआरई-एनआरओ खात्याला (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची खाती) तर हमखास, पण आधारला परदेशी नंबर चालत नाही. यूपीआय परदेशी नंबरवर २०२३ पासून सुरू झालं, सुरुवातीच्या दहा देशांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, आखातातले चार देश असे होते, जर्मनी नव्हतं. म्हणजे भारतातला नंबर जगवायचाच आहे. माझा नंबर आता एका जुन्या फोनमधे आहे, तो फोन घरी टेबलाच्या खणात असतो, रविवारी चार्ज करतो. खिशातला फोन गेला तरी तो खणात असतो. एवढी साधी गोष्ट, पण चार महिने घालवल्यावर सुचली.

आता मुख्य मुद्दा. आपल्यातले निम्मे लोक काय करतात, भारतातलं सिम आई-बाबांकडे ठेवून येतात. मी पण पहिली दोन वर्षं तेच केलं. मग काय व्हायचं, मला काही भरायचं असलं की मी फोन करायचो, "आई, एक मेसेज आला असेल बघ, सहा आकडे वाच." आणि आई चष्मा शोधायची, वाचून दाखवायची. महिन्यातून तीन-चार वेळा. म्हणजे दोन वर्षांत मी माझ्या आईकडून ऐंशी-नव्वद वेळा फोनवर ओटीपी वाचून घेतला. पेपरवाले, बँकवाले, सरकार सगळे ओरडून सांगतायत की ओटीपी कोणाला सांगू नका, आणि पोटचा मुलगा परदेशातून फोन करून घाईघाईत ओटीपी मागतोय, "लवकर सांग, टाइम जाईल." उद्या चोरानं फोन केला तर त्याला नवीन काही शिकवावंच लागत नाही, शिकवणी आपण घेऊन ठेवलेली असते. दुरून दुसऱ्याचा फोन चालवायच्या रिमोट कंट्रोल ॲपचं पण तेच, बाबांच्या फोनमधे ते टाकून "नऊ आकडी नंबर सांगा, मग अलाऊ दाबा" असं मी कितीदा केलंय, आणि चोराच्या तोंडची वाक्यं शब्द न बदलता हीच असतात. ज्या दिवशी हे माझ्या डोक्यात आलं त्या दिवशी मी दोन्ही बंद केलं. आता घरात नियम असा आहे की मुलगासुद्धा फोनवर आकडे विचारत नाही, आणि विचारलेच तर तो मुलगा नाही.

तसंही एसएमएस ही फार भक्कम गोष्ट नाही हे इथे राहून जास्तच कळतं. फोन कंपन्या आपापसात ज्या भाषेत बोलतात ती एसएस-सेव्हन नावाची व्यवस्था १९७० च्या दशकातली आहे, त्या काळी सगळ्या कंपन्या एकमेकांवर विश्वास ठेवत होत्या. २०१७ च्या जानेवारीत जर्मनीतच लोकांची खाती त्या वाटेनं रिकामी केली होती, आधी फसव्या मेलमधून लॉगिन मिळवलं आणि मग मेसेज परदेशी नेटवर्कमधून स्वतःकडे वळवून घेतले, ग्राहकाचा फोन खिशात, सिम जागेवर, तरी ओटीपी चोराकडे. इथल्या बँका आता जवळपास सगळ्या ॲपवर नाहीतर कार्ड घालायच्या छोट्या मशीनवर गेल्यात. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेनं एसएमएसला दुसरे पर्याय देणारे नियम काढलेत, १ एप्रिल २०२६ पासूनचे. पण लगेच घाबरून एसएमएस ओटीपी बंद करत बसू नका, काहीच नसण्यापेक्षा तो शंभर पट बरा. एवढंच करा की जिथे दुसरं काही चालतं, तिथे नंबर काढून टाका.

आणि "जिथे" म्हणजे मुख्यतः ईमेल. बाकी सगळ्यांचं परसदार तुमच्या ईमेलमधे उघडतं, म्हणून एक ईमेल नीट सांभाळला की अर्धं काम झालं. जीमेल असेल तर दहा बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे, ते कागदावर छापा. हो, कागदावर. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमधे ठेवणारे मी इंजिनिअर बघितलेत. एक कागद तुमच्या पासपोर्टबरोबर, एक साताऱ्याला कपाटात पाकीट बंद करून. दुसरी पायरी एसएमएसऐवजी ॲपवर घ्या, ते दर तीस सेकंदांनी बदलणारे आकडे असतात त्याला ना सिम लागतं ना नेट, पण ते ॲप नवीन फोनवर कसं जाणार ते आधी बघून ठेवा. गूगलचं हे आकड्यांचं ॲप (ऑथेंटिकेटर) २०२३ च्या एप्रिलपर्यंत कुठेच बॅकअप घेत नव्हतं, फोन गेला की सगळे कोड गेले, माझ्या कोलोनच्या रडगाण्याचं अर्धं कारण ते. पासकी (पासवर्डाऐवजी तुमचा फोनच तुमची ओळख पटवतो ती सोय) येते तिथे पासकी घ्या, ती खोट्या साइटवर चालतच नाही, तुम्ही फसलात तरी ती फसत नाही, हा एक गुण मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. थोडा खर्च परवडत असेल तर युबीकीसारख्या, यूएसबीला लावायच्या दोन खऱ्याखुऱ्या किल्ल्या घ्या. एक घेऊ नका. एक घेणं म्हणजे कोलोन.

अजून एक, जुना ईमेल. सगळ्यांचा एक कॉलेजातला ईमेल असतो, विचित्र नावाचा, जो आता कोणी उघडत नाही पण रिकव्हरीला तोच दिलेला असतो. गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकतं. बघून घ्या.

जर्मनीचं परसदार मात्र वेगळंच आहे, ते पोस्टाच्या पेटीत आहे. खरंच सांगतो. इथे बँकेचा पिन एका पत्रात येतो, कार्ड दुसऱ्या पत्रात, ॲप चालू करायचा कोड तिसऱ्या पत्रात, टॅक्स नंबर चौथ्या. आणि पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, फ्लॅटला नंबरच नसतो बहुतेक ठिकाणी, तो पेटीवरचं नाव बघतो. तुमचं नाव पेटीवर नसेल तर पत्र परत. नवीन आलेली मुलं कोणाच्या तरी खोलीत सहा महिने पोटभाडेकरू म्हणून राहतात, पेटीवर घरमालकिणीचं नाव, आणि मग म्हणतात बँकेनं पिनच पाठवला नाही. पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, चिकटपट्टीनं का होईना आडनाव लावा, पासपोर्टवर आहे तसंच. घर सोडताना उलटं, पत्ता बदलल्याचं सगळ्या बँकांना आधी कळवा, नाहीतर तुमच्या किल्ल्या पुढच्या भाडेकरूच्या पेटीत पडत राहतात. आणि बँकेचं ॲप नवीन फोनवर चालू झाल्याशिवाय जुना फोन विकू नका किंवा पुसू नका, पुसलात तर परत पत्राची वाट बघा, आठवडा कुठे गेला नाही. कार्ड हरवलं तर ११६ ११६ हा एक नंबर लक्षात ठेवा, भारतातून लावायचा तर त्याच्या आधी +४९ लावून. आता चोरांनीही ही पोस्टाची सवय ओळखलीय, बँकेच्या नावानं हुबेहूब पत्र येतं, क्यूआर कोड स्कॅन करून "पुन्हा नोंदणी करा" म्हणून. कागदावर आलं म्हणजे खरं, असं जर्मन माणसाला वाटतं, आणि दोन वर्षांत आपल्यालाही वाटायला लागतं.

पैसे पाठवण्याचं एक बरं झालंय, ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बँकेला नाव आणि खाते नंबर जुळतात का ते दाखवावं लागतं. आपल्याकडेही एनईएफटी, आरटीजीएसला नाव दिसतं आता. "नाव जुळत नाही" असं आलं आणि तरी पुढे दाबलंत तर नंतर बँकेशी भांडायला तोंड राहत नाही. घर भाड्यानं शोधताना डिपॉझिट आधी मागणारे भेटतील, मालक लंडनला असतो, चावी पोस्टानं पाठवणार असतो. असा मालक कोणाला कधी प्रत्यक्ष भेटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पासवर्ड मॅनेजर. हो, घ्या, फुकटातला चालेल. बिटवॉर्डन घ्या, किंवा सगळं ॲपलचंच असेल तर त्यांचं स्वतःचं. "सगळी अंडी एका टोपलीत" वगैरे ऐकाल, २०२२ ला लास्टपास नावाच्या मॅनेजरमधून लोकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या हेही ऐकाल, आणि ते खरंच आहे, पण त्या तिजोऱ्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते, धोका झाला तो ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा होता त्यांना. म्हणून मुख्य पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा ठेवा. मराठी शब्द रोमन अक्षरांत छान चालतात, फक्त स्पेलिंग एकदा ठरवा, मी "पातेलं" कधी ए लावून लिहायचो कधी ई लावून, स्वतःलाच तीन वेळा बाहेर काढलं. आणि जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट्या असतात! ॲटचं चिन्ह क्यूवर आहे. ऑफिसच्या लॅपटॉपला चालू होताना जो पासवर्ड लागतो तिथे टाइप केलेलं दिसत नाही आणि कीबोर्ड कुठला धरलाय तेही कळत नाही, माझ्या टीममधला एक हैदराबादचा मुलगा पहिल्या दिवशी अर्धा तास झगडत होता, पासवर्डात वाय होता. मुख्य पासवर्डात वाय, झेड आणि चिन्हं नकोतच.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला हा नियम ज्या अमेरिकन सरकारी कागदातून जगभर पसरला तो २००३ चा, आणि तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ ला स्वतःच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. तरी तुमचं ऑफिस बदलायला लावणारच. शेवटी महिन्याचा आकडा लावून गप्प बसा, सगळे तेच करतात.

आई-बाबांना मॅनेजर देऊ नका. वही द्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, देवघराच्या खालच्या कप्प्यात. म्यानमारच्या सीमेवर कुठल्यातरी कंपाउंडमधे बसून फोन करणारा चोर तुमच्या साताऱ्याच्या देवघरात येत नाही. माझ्या बाबांच्या वहीत पासवर्डाशेजारी गॅसचा नंबर आणि कुठल्या महिन्यात कुठली एफडी संपते तेही आहे, आणि खरं सांगू का, माझ्या सगळ्या व्यवस्थेपेक्षा ती वही जास्त उपयोगी आहे, कारण ती आईला उघडता येते. ऑफिसमधल्या एकाचे वडील गेले तेव्हा त्यांचा फोन चेहऱ्यानं उघडायचा, आकडा कोणालाच माहीत नव्हता. पुढचं सांगत नाही. फोनचा आकडा वहीत पाहिजे, आणि तुमचा स्वतःचाही कुठेतरी. गूगलमधे खातं काही महिने शांत राहिलं तर कोणाला कळवायचं ते ठरवता येतं, ॲपलमधे वारसदाराचं नाव देता येतं, दहा मिनिटांत दोन्ही होतं, पण आपण मृत्युपत्रासारखं ते टाळत राहतो.

व्हीपीएन घेऊ नका. २०१० साली कॅफेच्या वायफायवर शेजारच्या टेबलवरच्याचं फेसबुक खरंच उघडता यायचं, फायरशीप नावाचं फुकट खेळणं आलं होतं त्यासाठी, पण आता जवळपास सगळ्या साइट्स कुलूपबंद बोलतात, त्यामुळे स्टारबक्सच्या वायफायवर बँक उघडली म्हणून काही होत नाही. व्हीपीएनची जाहिरात अजून २०१० मधे राहते. उलट व्हीपीएन लावून बँकेत शिरलात तर तुम्ही आज सिंगापुरात, उद्या लंडनमधे दिसता आणि बँक खातं गोठवते. ते "भारतातला सर्व्हर" म्हणून देतात तो भारतात नसण्याचीच शक्यता जास्त, २०२२ ला सर्ट-इननं (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा नियम काढल्यावर मोठ्या कंपन्यांनी भारतातली मशीन काढूनच घेतली. काही सरकारी साइट्स बाहेरून उघडत नाहीत, तेवढ्यापुरतं एक महिन्याचं घेतलं तर चालेल. आणि टॉरेंट, हे जरा गांभीर्यानं घ्या. इथे पिक्चर टॉरेंटनं उतरवलात तर उतरवताना तुम्ही तो वाटतही असता, म्हणून वकिलाचं पत्र येतं, आबमानुंग म्हणतात, शेकडो युरोंचं. नवीन आलेल्या मुलांच्या घरात पहिल्या वर्षात एक तरी येतं. ते टाळायला व्हीपीएन घेऊ का असं विचारायच्या आधी तिकीट काढून थिएटरात जा, म्युनिकला हिंदी-मराठी पिक्चर लागतात अधूनमधून.

स्टेशनवर, विमानतळावर यूएसबीला फोन लावला की डेटा चोरतात म्हणे. प्रयोगशाळेत करून दाखवलंय, रस्त्यावर कोणाचं झालेलं मला माहीत नाही. स्वतःचा चार्जर भिंतीत लावा आणि विसरून जा.

आता साताऱ्याचा फोन. गेल्या वर्षी माझ्या काकांना त्यांच्याच भाच्याच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, व्हॉट्सॲपवर, फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. काकांना एपीके म्हणजे काय माहीत असायचं कारण नाही, घरात लग्नाच्या वयाचा मुलगा आहे, पत्रिका आली, उघडली. ती पत्रिका नव्हती, ॲप होतं, त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, काकांनी दिली. नंतर बँकेचे ओटीपी सरळ तिकडे जात राहिले. तीन व्यवहारांत पैसे गेले. बरं झालं की मुलगी घरी होती, तिनं तासाभरात १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला, त्यातला एक व्यवहार मधेच अडवला गेला. हा नंबर फ्रिजवर चिकटवा, पहिल्या तासात फोन करणं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाच्याचा काही दोष नाही, त्याचाही फोन तसाच गेलेला.

म्हणून आई-बाबांच्या फोनमधे काही टाकायचं नसतं, काढायचं असतं. सेटिंगमधे "अनोळखी ॲप इन्स्टॉल" करायची परवानगी व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल्स सगळ्यांची बंद करा. फोन नवीन असेल, अँड्रॉइड १६ वाला, तर त्यात ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन नावाचं एक बटण आहे, ते लावलं की बाहेरचं ॲप शिरतच नाही. रिमोटवाली ॲप काढा. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा आणि वहीत लिहा. लिंक्ड डिव्हाइसमधे कोण बसलंय ते बघा, दर सुट्टीत बघा. ##००२# डायल केलं की कॉल कुठे वळवलेले असतील तर ते सगळे रद्द होतात. बँकेची साइट उघडायची तर पत्ता डॉट बँक डॉट इननं संपतो का बघायला शिकवा, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला लावलंय, त्यामुळे हे एक तरी सोपं झालंय. यूपीआयचं खातं वेगळं ठेवा, त्यात दहा-पंधरा हजारांच्या वर नको, एफडी आणि पेन्शन दुसऱ्या खात्यात ज्याला यूपीआय लावलेलंच नाही. माझ्या मते या सगळ्यात हे सगळ्यात कामाचं, कारण माणूस कधी ना कधी चुकणारच, चुकल्यावर किती जाणार ते आधी ठरवता येतं.

पोलीस, सीबीआय, कस्टम्स असा व्हिडिओ कॉल आला तर आईला एवढंच माहीत पाहिजे की डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही, फोन ठेवला तर गुन्हा होत नाही. इथेही जर्मन आज्यांना "हॅलो ममा, माझा फोन तुटला, हा नवा नंबर" असे मेसेज येतात, म्हणजे आई सगळीकडे सारखीच असते. आमच्या घरात यासाठी एक प्रश्न ठरलेला आहे, नवीन नंबरवरून फोन आला की आई विचारते, उत्तर कुठेही नेटवर नाही, सांगलीच्या जुन्या घराशेजारच्या एका म्हशीबद्दल आहे. गेल्या वर्षी मी ऑफिसच्या फोनवरून लावला, तिनं विचारलं, मला आठवेना. तिनं फोन ठेवून दिला. मला राग आला आणि मग फार बरं वाटलं.

निघण्याआधीच्या शनिवारी एक करून बघा. तुमचा फोन बंद करून बाबांकडे द्या आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून, फोनला हात न लावता, स्वतःच्या ईमेलमधे शिरून दाखवा. तिथून बँकेत. जिथे अडकाल ते कागदावर लिहा, ते साताऱ्यात असतानाच दुरुस्त होईल, म्युनिकला नाही. मी टीममधल्या नवीन लोकांकडून हे करून घेतो, दहातले सात पहिल्याच पायरीवर थांबतात. आणि झाल्यावर शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून लॉगआउट करायला विसरू नका.

अँटीव्हायरस राहिलं. नको. विंडोजबरोबर जे येतं ते पुरेसं आहे, फक्त बाबांच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ते काय करायचं ते आधी बघा. अँटीव्हायरसचे पैसे वाचतील त्यात भारतातल्या सिमचा रिचार्ज मारा, वर्षाचा.